पुलाला लावलेलं सलाईन

१९ एप्रिल
रितेशचा फोन. मे महिन्यात राहीला घेऊन येतोय — पण पोरीला आपल्या पोहायच्या पुलात उतरू देणार नाही म्हणतो! ‘बाबा, दिवाळीत तिचे डोळे लाल झाले होते. तुम्ही क्लोरीन मगाने ओतता. मगाला काय माप असतं?’

मगाचं म्हणतो ते खरं. संध्याकाळी ओतलं की सकाळी नाक झोंबतं, आणि दुपारच्या उन्हात सगळं उडून जातं. मग पाणी हिरवट. त्याला पुण्याहून मशीन आणायचंय. म्हटलं, मी काही करतो, आलास की बघ. ‘पाणी बघून ठरवीन,’ म्हणाला.

ठरव! नातीला पोहायला मीच शिकवणार. रितेशला शिकवायचं राहून गेलं. तेव्हा मी लोकांच्या लाँचांची इंजिनं उघडून बसलेला असायचो. लाँचवर खलाशी म्हणून चढलो, मिस्त्री होऊन उतरलो, आज बागेत पाहुण्यांसाठी पाच खोल्या आणि पूल आहे. थेंब थेंब क्लोरीन सोडणं ही काय मोठी गोष्ट आहे?

२० एप्रिल
पाण्याच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून उलटी टांगली. आधी गळेचना. जरा दाबली तर अख्खी रिकामी! हिच्या परकराची दोरी खाली वाळत होती, ती पांढरीफटक. दिवसभर बोलणी खाल्ली.

२१ एप्रिल, सोमवार
देवळात उभा होतो. पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं. थेंब पडतोय, थांबतोय, पडतोय. घाई नाही, खंड नाही. गुरव म्हणाला, ‘भिवाशेठ, आज फार वेळ हात जोडलेत!’ त्याला काय सांगू!

घरी येऊन तांब्याच्या पात्राचं नाव काढलं मात्र, ही कडाडली — ‘देवाचं भांडं त्या घाण वासाला? हात लावून बघा!’ मडकं घेतलं. खाली भोक, भोकात कापसाची वात.

२३ एप्रिल
वातीचा लगदा झाला. क्लोरीनने कापूस खाल्ला. मडकं नापास.

२५ एप्रिल
सापडलं!! सलाईनची नळी! थेंब दिसायला काचेसारखी कुपी, आणि कमीजास्त करायला चाकी. औषधाच्या दुकानात मागितली तर पोरगा म्हणतो, ‘काका, कोण ॲडमिट आहे?’ म्हटलं, ‘पूल.’ तो हसलाच नाही. बहुतेक घाबरला.

क्लोरीनचा कॅन पुलाकडेच्या गडग्यावर, चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. नळीचं टोक कडेच्या त्या चौकोनी खड्ड्यात सोडलं, जिथून पंप पाणी ओढतो. म्हणजे थेंब पडला की पंप घेणार, फिल्टरमधून फिरवणार आणि उथळ बाजूच्या तोंडातून सगळीकडे सारखा पाठवणार. डोक्याला ताप नाही.

२६ एप्रिल
सकाळी नळी मुकी. आत बुडबुडे अडकलेले. कॅनच्या झाकणाला बारीक भोक पाडलं, हवा आत जाऊ लागली, नळी बोलू लागली. मला थेंब बघावे लागत नाहीत. पडवीत चहा पिताना कानाला कळतं — आता सावकाश, आता जरा पळतोय. इंजिनांनी कान घडवलेत ते फुकट नाही.

संध्याकाळी केरू आला. आम्ही एकाच लाँचवर होतो, त्याची जीभ अजून तिथलीच. नळी बघून म्हणतो, ‘मेल्या, तलावाला जुलाब झाले काय?’ मग वाकून पाणी हुंगलं. ‘वास नाय रे अजिबात.’ केरूने कबूल केलं म्हणजे झालंच!

३० एप्रिल
दुपारी लाईट गेली. पंप थांबला, पंखे थांबले, सगळी बाग गप्प. आणि त्या शांततेत माझा थेंब — टप्, टप्! रितेशचं मशीन असतं तर मेलं असतं. मी हसत हसत माडांना बघायला गेलो.

२ मे
आले! रितेशने पिशवी ठेवायच्या आधी पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवल्या. तीन ठिकाणी. पट्टी बाटलीवरच्या रंगांशी लावून बघितली, पुन्हा बघितली. ‘बाबा, हे तर बरोबर आहे.’ आवाजात थोडी निराशा होती!

राही तोवर कपड्यांसकट आत.

५ मे
राहीने आज उथळ कडेचा दांडा सोडला. पाठीवर तरंगली!! ओरडते काय — ‘आबा, मला हात लावू नका! मी बुडले तरी लावू नका!’

७ मे
दोन नंबरच्या खोलीतली बाई नवऱ्याला सांगत होती, ‘यांच्याकडे फॉरेनचं मशीन असणार, बघ ना पाणी.’ खिडकी बंद होती. तरी ऐकलं.

१० मे
आजचं लिहायलाच हवं.

ही बहिणीच्या मुलीच्या लग्नाला पावसला गेलेली. रितेश लॅपटॉप घेऊन गावात. मी आणि राही. जेवण झालं, लाईट गेली. राही उथळ बाजूला दांडा धरून पाय मारत होती. मी कडेला खुर्ची टाकून, कानात आपला थेंब. मस्त चाललेलं. तासभर तरी गेला असेल.

हिचा फोन. मागे सनई, गोंगाट.
‘अहो, तिकडे पण लाईट गेलीय काय?’
‘गेलीय. जेवलीस?’
‘ती चाकी बंद केलीत ना?’
‘कशाला? ती काय लाईटवर चालते?’
‘अहो, म्हणूनच! पंप बंद, आणि ते गळतंयच! सगळं पायपात साठलं असेल. पोर कुठाय?’
‘पाण्यात.’
‘वर काढा! आधी वर काढा, मग बोला!’

फोन टाकला. राहीला दंडाला धरून उचललं. ‘आबा, दुखतंय!’ पाय फरशीला टेकले आणि मागे पंप सुरू झाला. लाईट आली होती. उथळ बाजूच्या त्या पायपाच्या तोंडातून पाणी आलं ते पिवळट, आणि वास असा की पाच पावलांवर मला खोकला सुटला. बरोबर तिथंच तिचं तोंड होतं. दांडा तिथंच आहे.

तिला कळलं नाही काही. ‘आत्ता कुठे मला जमत होतं,’ म्हणून रुसली. तिला आंब्याची फोड कापून दिली. कापताना सुरी दोनदा सटकली.

मी इंजिनांचा मिस्त्री होतो. बंद इंजिनात तेल साठलं तर पुढे काय होतं, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

११ मे
न सांगता चाललं असतं. पण रात्री पानावर रितेश म्हणाला, ‘बाबा, मशीन राहू दे. तुमचंच बरं.’ घास खाली ठेवला. सांगून टाकलं, पहिल्यापासून.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ताटावरून उठला, हात धुतला, राहीचं पांघरूण नीट केलं. मग एवढंच — ‘उद्या आम्ही निघतो.’

१२ मे
बॅग दारात. मी पडवीत. लग्नाहून परतलेली ही आणि रितेश स्वयंपाकघरात होते, हळू बोलत होते. माझ्या कानांना हळू काय नि मोठ्याने काय.

‘लाईट काय परवा पहिल्यांदा गेली? तू यायच्या आधीपासून रोज जाते रे. पहिल्याच दिवशी त्या खड्ड्यातला पाला काढायला वाकले, तर वासाने डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून लाईट गेली आणि हे माडांकडे वळले की मी चाकी बंद करते, लाईट आली की सोडते. त्या दिवशी लग्नाच्या घाईत सांगायचं राहिलं, ती माझी चूक.’
‘मग आधीच बाबांना का नाही सांगितलंस?’
‘किती खूश होते रे.’

रितेश बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.