लेकीचं विधेयक आणि माझी सही

३ मे, सकाळी ६
देवासमोर बसले असताना सुचलं. सुचलं कसलं, त्यानेच सुचवलं. काल रेडिओवर संसदेचं कामकाज समजावून सांगत होते. दोन सभागृहं, तीन वाचनं, समिती, मतदान, शेवटी राष्ट्रप्रमुखाची सही की झाला कायदा. एवढा मोठा देश त्यावर चालतो, तर पाच माणसांचं घर का चालू नये? मॅट्रिकला नागरिकशास्त्रात मी वर्गात दुसरी होते. पहिली आली तिचे वडील त्याच शाळेत मास्तर होते.
आजपासून या घरात आरडाओरडा बंद. जे व्हायचं ते रीतसर.

३ मे, दुपारी
रचना पक्की. खालचं सभागृह म्हणजे हे, भाऊजी आणि लेक, कारण तिघं खाली राहतात. वरचं म्हणजे सासूबाई, कारण त्या वरच्या मजल्यावर असतात. राष्ट्रप्रमुख साक्षात देव. त्याच्या वतीने सही मी करीन. अध्यक्षही मीच. मोठेपणा म्हणून नव्हे, दुसरं लायक आहे कोण?
हे म्हणाले, हं. भाऊजींनी विचारलं, वहिनी, विरोधी पक्षाला चहा दोनदा मिळतो ना? लेक मान खाली घालून सगळे नियम लिहून घेत होती. शिस्तीची आवड आहे. माझ्यावर गेलीय.

४ मे
पहिलं विधेयक लेकीने मांडलं. तिला नोकरी लागलीय. दुसऱ्या शहरात. पंधरा तारखेला हजर व्हायचं, राहायचं वसतिगृहात. मुलाखत कधी दिलीस, म्हटलं. तर म्हणते, आई, प्रश्नोत्तरांचा तास संपला.
पहिल्या वाचनात चर्चा नसते, म्हणून गप्प बसले. कणीक मात्र दुप्पट मळली गेली.
चिंता नाही. विधेयक समितीकडे धाडलं. प्रमुख भाऊजी. न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायला घेऊन ज्याला दोन वर्षं झाली, तो माणूस अहवाल काय देणार! पंधरा तारीख उलटली की विधेयक आपोआप मरतं. हा कावा नाही, कार्यपद्धती आहे.

५ मे
अहवाल आला. एका दिवसात. शिफारस: मुलीने जावं, तिची खोली रिकामी ठेवू नये, ती समितीच्या प्रमुखांना द्यावी. दिवाणावर झोपून पाठ गेली माझी, वहिनी, म्हणाले. नळ अजून गळतोय.
लोकशाहीत अशी माणसं निघायचीच. ह्यांना पक्षादेश दिला की उद्या 'नाही' म्हणायचं. हं, म्हणाले. म्हणजे ते दोघं, आम्ही दोघं. बरोबरी झाली की अध्यक्षाचं निर्णायक मत. पाडलंच समजा.

६ मे
मतदान. लेक 'हो'. भाऊजी 'हो', दोन्ही हात वर करून. मी ठणकावून 'नाही' म्हटलं. लेकीने लगेच वही उघडली. अध्यक्षाला एरवी मत नसतं, फक्त बरोबरी झाली तरच. तूच ऐकलंस ना रेडिओवर? ऐकलं असतं, पण तेव्हा नेमकी कुकरची शिट्टी झाली असणार.
उरले हे. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, हं. सव्वीस वर्षं ऐकतेय मी तो हं. त्याचा अर्थ 'ऐकू आलं' इतकाच, कधीकधी तेवढाही नाही. लेकीने होकार म्हणून नोंदवला. ह्यांना विचारलं, अहो, हो म्हणालात का? म्हणाले, मी कुठे काय म्हणालो?
तीन विरुद्ध शून्य. शून्य म्हणजे मी.

७ मे
वरचं सभागृह आहेच. स्वतःच्या मुलाला लग्न होईपर्यंत एकट्याने गावाबाहेर पाठवलं नाही त्या माउलीने; नातीला सोडते होय? विधेयक घेऊन जिना चढले.
सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, मलाही तार ऑफिसात नोकरी लागली होती गं, सतराव्या वर्षी. वडिलांनी पत्र चुलीत घातलं. गेले असते तर या घरात आले असते का? मग माझ्याकडे बघून हसल्या. तूही सुटली असतीस.
एका दुरुस्तीसह मंजूर: रविवारचा पहिला फोन आजीला.

८ मे
आता सही. इथे कुणाचं काही चालत नाही. वसतिगृहाचा फॉर्म लेकीच्या टेबलावर होता, तळाशी 'पालकाची सही' म्हणून रिकामी जागा. घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवला. लेकीला सांगितलं, देव विचार करतोय. बरं, म्हणाली. एवढी नम्र! घाबरलीय.

११ मे
विचार चालूच आहे. दिवा लावताना त्याला एकच विचारलं, तिकडे ती आजारी पडली तर डोक्यावर हात कोण ठेवील? उत्तर राखून ठेवलंय.

१३ मे, सकाळी
लेकीने माळ्यावरून बॅग काढली. म्हटलं, सही झालेली नाही. म्हणाली, आई, फॉर्म दोन तारखेलाच ऑनलाइन गेला. पालकाची सही अठराच्या आतल्यांना लागते, मी चोवीसची आहे. तुझ्याकडे आहे ती झेरॉक्स.
मग विधेयक कशाला मांडलंस?
तुला हौस होती ना.

१३ मे, दुपारी
पाच दिवस देवाने झेरॉक्सवर विचार केला.
कागद काढून घेतला. पाठ कोरी आहे, वाया कशाला घालवायची? वर लिहिलं, न्यायचं सामान. चादरी दोन. जाड पांघरूण. सुईदोरा. तापाच्या गोळ्या. पाण्याची बाटली, घट्ट झाकणाची. छत्री. कुलूप, किल्ल्या दोन. लिहिता लिहिता पाठ भरली. कागद उलटा केला. पुढच्या बाजूला कोरी जागा एकच होती, सहीची. तिथे बारीक अक्षरात लिहिलं: लोकरीचा स्वेटर.