गुरम्माला भाकरी येते

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९३३

ती. सौ. नीलम्माअक्का हिस,
शिवशरणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, राग नसावा. गिरणीत आमच्या साचेखात्यात, मागांवर, सणाच्या मालाची घाई चालली आहे. त्यामुळे औंदा दिवाळीला मैंदर्गीला येणं जमेलसं दिसत नाही. गुरम्माला तू समजावून सांग. तिला परकराचं कापड आणि दाजींना पटका ओळखीच्या गाडीवानाबरोबर पाठवतो आहे.

पोर तुझ्याकडे राहून दोन वर्षं होत आली, असं तू लिहितेस. मला का ते ठाऊक नाही, अक्का? पण करू काय? माझी चंद्रव्वा तापानं गेली त्या दिवसापासून या खोलीतली चूल पेटलेली नाही. मी दोन्ही वेळा खानावळीत जेवतो. चुलीवर धुवायचे कपडे टाकून ठेवतो. तिथं अकरा वर्षांच्या लेकीला गिरणीतल्या गड्यांच्या पंगतीत बसवू? तिला तुझ्याकडे सोडून निघालो तेव्हा वेशीपर्यंत माझ्यामागं आली होती. घरात भाकरी थापायला कोणी आलं की लगेच न्यायला येतो, असं तिला सांगितलं होतं. अजून कोणी आलेलं नाही, याला मी तरी काय करणार? लग्नाचं तू लिहितेस त्यावर विचार करतो आहे.

हे पत्र तुला गुरम्माच वाचून दाखवत असेल. तिला आशीर्वाद. गुरम्मा, आत्याला त्रास देऊ नकोस.

दाजींना नमस्कार. मी असा दूर असलो तरी तुझ्या मनातून उतरू नये, एवढंच मागणं.

तुझा,
शिवशरण


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मैंदर्गी,
ता. २७ ऑक्टोबर १९३३

चि. शिवशरण यास नीलम्माचे अनेक आशीर्वाद.

मी बोलते हाय आनि गुरम्मा लिहिते हाय. मी बोलीन तसंच लिही, शाळेतलं काय घालू नगंस, असं तिला बजावलंय.

कापड पोचलं. लई नामी हाय. पन कापड आलं आनि बाप आला न्हाई. पाडव्याला समद्यांच्या घरी मानसं आली. ही पोर सकाळधरनं वेशीकडं जाऊन बसली. मी बोलवाय गेले तर म्हनती, उगंच गाड्या बघती.

विचार करतो, विचार करतो म्हनतोस. दोन वर्सं तुझा विचारच शिजाय लागलाय की रे तम्मा, माझ्या भावा! दुधनीला एक बाई हाय. नवरा वारलाय, पदरात मूल न्हाई, हाताला चव हाय. आपल्यात पाट लावायची रीत हाय, कुनी नावं ठेवनार न्हाई. तू फकस्त व्हय म्हन. पोरीचं आमाला वझं न्हाई. हे तर म्हनतात, तिच्यामुळं घराला घरपन आलं. पन पोर तुझी हाय. ते तुला आठवून द्यायची पाळी माझ्यावर यावी का?

आता जास्ती बोलत न्हाई. आशीर्वाद हायतच, पन ते घ्यायला हितं यावं लागतं.

नीलम्मा

ता. क. : हे मी लिहिते आहे, गुरम्मा. आत्या गोठ्यात गेली आहे. अप्पा, मला आता भाकरी येते. आधी फाटत होती, आता गोल येते आणि फुगतेसुद्धा. आमटी येते. शेंगांची चटणी कुटता येते. मध्ये तव्यावर हात भाजला होता, पण तो बरा झाला, नुसता डाग आहे. आत्याला काही बोलू नका, शिकव म्हणून मीच हट्ट केला. तर आता घरात भाकरी थापायला कोणी झालं आहे. तुम्हाला खानावळीत जायला नको. मला न्यायला कधी येता? तुमच्या पाळीच्या वेळेला मी उठत जाईन. सा. न.


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ३१ ऑक्टोबर १९३३

ती. सौ. अक्का हिस शि. सा. न. वि. वि.,
आणि चि. गुरम्मा हिस आशीर्वाद.

अक्का, तुला एकटीला काही सांगायची मला सोय नाही. माझं पत्र गुरम्मा वाचणार, तुझं गुरम्मा लिहिणार. तेव्हा जे सांगायचं ते दोघींना एकदमच सांगतो. तिनं पत्राखाली काय लिहिलं ते तुला माहीत नसेल. तिला वाचून दाखवायला सांग. रागावू नकोस.

ते मी खानावळीत वाचलं. पहिला घास हातात होता. तो तसाच ताटात ठेवून उठलो. वाढपी विचारत राहिला की आमटी खारट झाली का. 

अक्का, भाकरी थापायला कोणी नाही हे मी तोंडाला आलं म्हणून बोललो होतो. वेशीत लेक रडत होती, काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं ते खरं मानलं आणि कामाला लागली. आता खरं लिहितो. खानावळ मला बरी पडली. पाळी सुटली की जेवायचं, खोलीवर येऊन पडायचं. कोणी काही विचारणारं नाही. पोर घरी आली की ती आईचं विचारणार, तिच्या तोंडाकडं बघावं लागणार. त्याची मला भीती वाटत होती. आणि मी नाव पुढं केलं ते चुलीचं.

दुधनीच्या बाईंना माझ्यामुळं ताटकळत ठेवू नको. मला लग्न करायचं नाही.

गुरम्माला मी नेणार, पण आज नाही. आज आणलं तर ती माझ्यासाठी चुलीपुढं बसेल. तिला बसवायला मी नेणार नाही. आधी मला भाकरी आली पाहिजे. काल चुलीवरचे कपडे काढले, राख उपसली, पेटवली. इतका धूर झाला की शेजारच्या रंभाबाई आग लागली म्हणून घागर घेऊन धावत आल्या. मग दारातच बसून पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांनी लाकडं कशी रचायची ते दाखवलं. भाकरी मात्र अजून साधत नाही. परातीतून उचलली की हातात तुकडे येतात. पीठ किती, पाणी कसं, सगळं सांग. हसायचं तेवढं हस, पण सांग. आणि गुरम्माला आता तव्याजवळ जाऊ देऊ नकोस.

मला जे बोलायचं ते भेटल्यावर बोल, पण माया आटवू नकोस.

शिवशरण


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मैंदर्गी,
ता. ८ नोव्हेंबर १९३३

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकलं. पोरीला वाचता वाचता थांबाय लागत हुतं, म्हनून लई येळ लागला.

बाप्या मानसानं चूल फुंकायची म्हंजे काय? आपल्या अव्वानं तुला कदी भांडं उचलू दिलं न्हाई. गावात कुनाला सांगू मी, माझा भाऊ पीठ मळतोय म्हनून? ह्यांना सांगितलं तर हे नुसते हसले आनि म्हनाले, मळू दे की.

तर ऐक. जवारीचं पीठ ताजं घे. पानी चटका बसंल असं गरम कर आनि पिठात मधी खड्डा करून वत. तळहातानं रेट दिऊन मळ. तुझ्या हातात साच्याचं बळ हाय, ते हितं लाव. थापताना खाली पीठ भुरभुर. तव्यावर टाकली की वरनं पान्याचा हात फिरव. पानी सुकाय आलं की पालट. मग निखाऱ्याला टेकव. फुगली तर बरं, न्हाई फुगली तर तीच खा.

आता पोरीच्या हाताचं. तवा लागला ते मी तुला कळवलं न्हाई. तू म्हनशील, अक्काला पोर सांबाळता येत न्हाई. म्हनून गप बसले. ते बरं केलं न्हाई मी. हळद-तेल लावलं, रातभर फुंकर घातली, पन तुला सांगितलं न्हाई. ते मनात राहिलं हुतं, आज काढलं.

जास्ती काय सांगू? तुझ्या हातची भाकरी खायला जगते म्हन.

नीलम्मा

ता. क. : अप्पा, आत्या एक सांगायचं विसरली. पीठ जुनं असलं की त्याची विरी जाते, मग ते कितीही मळलं तरी तुटतं. दुकानदाराला विचारून घ्या. पण अप्पा, तुम्ही नका ना शिकू. तुम्हालाच भाकरी यायला लागली तर मग मला कशाला न्याल? सा. न. गुरम्मा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९३३

चि. गुरम्मा हिस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला एकटीला आहे. आत्यानं विचारलं तर वाचून दाखव, नाही विचारलं तर नको.

तुझं ता. क. वाचल्यावर उत्तर लिहायला बसलो आणि बरेच कागद फाडले. मी तुला भाकरीसाठी नेत नाही. तू घरात नुसती असलीस तरी मला पुरे. तू काही न करता बसून राहिलीस, दंगा केलास, मला उलटून बोललीस, तरी मी तुला पुन्हा कुठं ठेवणार नाही. हे मी आधीच बोलायला हवं होतं. तू लहान, तुला कसं कळावं? मला कळायला हवं होतं.

विरीचं तू सांगितलंस ते खरं निघालं. पीठ बदललं, काल भाकरी हातात अख्खी आली. तव्यावर टाकताना दुमडली, तरी खाल्ली. रंभाबाईंनी आमटीचा अंदाज दाखवला आहे. मार्गशीर्ष संपायच्या आत मी येतो. यावेळी गाड्या बघत बसायला नको. दिवस पत्रानं कळवीन, अक्कलकोट रोडला उतरून बैलगाडीनं येईन.

तू माझ्यावर रुसलीस तरी चालेल, पण रुसायला घरीच यावं.

तुझा,
अप्पा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मैंदर्गी,
ता. १८ जानेवारी १९३४

चि. शिवशरण यास नीलम्माचे अनेक आशीर्वाद.

आता ईरप्पा लिहितो हाय. माझाच ल्योक, परगावी हुता, आता घरी आलाय, पन गुरम्माची सर येत न्हाई. ती एकदा सांगितलेलं लिहायची, हा चारदा विचारतो.

संक्रांत झाली. तुमच्या तितं गड्ड्याची जत्रा भरली आसंल, पोरीला दाखवलीस का? ती गेल्यापासनं माझा अंदाज चुकतोय. पीठ तिच्या वाटनीचं पन मळलं जातंय. उरल्याली भाकरी म्हशीला घालताना जीव कसातरी होतो.

एक इचारते. पोर तितं झोपती का रे नीट? हितं माझ्या आदी उठायची. मी डोळं उघडायच्या आत चूल पेटल्याली असायची. लवकर ऊठ, असं मी तिला कदी म्हनले न्हाई. पन झोप गं, असं पन म्हनले न्हाई. मला बरं वाटायचं. आयतं हाताशी येतंय, घेत ऱ्हायले. ती परक्याच्या घरी असल्यागत ऱ्हात हुती आनि मी शेजाऱ्यापाजाऱ्यांत गुनाची पोर म्हनून सांगत फिरले. घर रिकामं झाल्यावर हे ध्यानात आलं, बघ.

तिला म्हनावं, आत्याला चार ओळी लिही. आमच्या दाराची आठवन ठेवा.

नीलम्मा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ६ फेब्रुवारी १९३४

ती. सौ. आत्या हिस,
गुरम्माचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अप्पांनी मला वाचायला दिलं. आम्ही गड्डा पाहिला. पाळण्यात बसले. अप्पांना चक्कर आली, मला आली नाही. माझं शाळेत नाव घातलं आहे. ईरप्पादादाचं अक्षर इतकं काही वाईट नाही, तू त्याला बोलू नकोस.

इथं सुरुवातीला आमची रोज भांडणं व्हायची. अप्पांनी मला परत कुठं ठेवणार नाही असं लिहिलं होतं, तरी मला वाटायचं की आपण आपलं काम करावं. म्हणून मी त्यांच्या आधी उठून पीठ मळायला घ्यायची. मग अप्पा उठायचे आणि परात ओढून घ्यायचे. एकदा त्यांनी पिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मी पेटीवर चढून काढला. रंभाकाकू म्हणाल्या की चुलीपुढं तू बस म्हणून भांडणारे लोक खूप पाहिले, पण मी बसतो म्हणून भांडणारे हे पहिलेच. शेवटी अप्पा थापायचे आणि मी शेकायची, असं ठरलं. पण अप्पा मला तव्याजवळ बघितलं की माझ्या हाताच्या डागाकडं बघतात आणि तोंड वळवतात. मी डाग परकरात लपवते.

अव्वाचं मी विचारलं. रात्री जेवताना विचारलं. अप्पांनी सांगितलं, पुष्कळ सांगितलं. अव्वा भाकरी थापताना गाणं म्हणायची हे मला आठवत नव्हतं. अप्पांना आठवतं, पण त्यांना चाल येत नाही.

आत्या, आता तुझ्या प्रश्नाचं. तू झोपेचं विचारलंस. ते लिहायला मला लाज वाटते, म्हणून शेवटी ठेवलं आहे. परवा मी उठलेच नाही. गिरणीचा भोंगा झाला म्हणे, मला ऐकूच आला नाही. जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं. मी इतकी घाबरले की काय सांगू. वाटलं, अप्पा उपाशी गेले. उठून बघते तर अप्पा चुलीपाशीच बसलेले. कामावर गेलेच नव्हते, खाडा केला होता. मी म्हणाले की चुकलं, पुन्हा असं होणार नाही, मला हाक का मारली नाही? ते म्हणाले की हाक मारणारच होतो, पण तू तोंड उघडं टाकून झोपली होतीस. आणि माझ्यापुढं ताट सरकवलं. भाकरी एका बाजूनं पार काळी झाली होती. मी म्हणाले की ही करपली आहे, मला नको. बोलून गेल्यावर जीभ चावली.

अप्पा रागावले नाहीत. उलट फार खूश दिसले, का ते मला कळलं नाही. त्यांनी ती भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि मला दुसरी करून दिली. मी ती खाल्ली, हात धुतला, आणि आत्या, मी परत झोपले.

हे आतोबांना सांगू नकोस. आणि आळशी झाले म्हणून मला परकी करू नकोस.

तुझी,
गुरम्मा