भैरवधारेवरच्या ‘साधूं’साठी हेलिकॉप्टर पुन्हा पाठवण्याबाबत

प्रति,
मा. संपर्क अधिकारी,
आपत्ती मदत कक्ष,
कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली.

विषय: भैरवधारेवर दिसलेले ‘साधू’ हे माझे पती असल्याने शोध आजच पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ: शोध थांबवल्याचे आपले कालचे पत्र.

महोदय,

१. माझे पती मुरलीधर आठल्ये व मुलगी अवनी गढवालात ट्रेकला गेले असता वाट चुकले. रविवारी अवनीचा शेवटचा फोन आला. ती म्हणाली, “बाबांचा उजवा हात मोडलाय. आम्ही भगवा खडकावर पसरतोय, वरून दिसेल.” मग फोन बंद पडला.

२. हा भगवा म्हणजे झेंडा. सह्याद्रीतले गड चढायची सवय असल्याने हे तीस वर्षे दिल्लीत राहूनही प्रत्येक ट्रेकला तो पाठीवरच्या पिशवीत नेतात. नारिंगी कापड पसरावे, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. झेंड्याचा फोटो सोबत जोडला आहे.

३. मंगळवारी भैरवधारेच्या डोंगरावर झालेल्या हवाई पाहणीचा अहवाल आपण पाठवलात. त्यात लिहिले आहे: ‘खडकावर भगवे वस्त्र. घोंगडी पांघरलेले एक साधू, एक हात वर करून आशीर्वाद देत आहेत. शेजारी शिष्य निजलेला. मदतीची गरज नाही.’

४. दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी आणि एकच हात वर म्हणजे नको, हा नियम मला काल कळला. अहो, पण त्यांचा दुसरा हात मोडला आहे, तो वर करायचा कसा? आणि तो शिष्य म्हणजे माझी अवनी. ती दिवसा कधी झोपत नाही. हेलिकॉप्टर डोक्यावर घोंघावत असतानाही ती उठली नाही.

५. आपल्या कक्षातील श्री. जयेश यांच्या म्हणण्यानुसार फेरशोधाच्या अर्जावर हरवलेल्या व्यक्तीची सही लागते. ती आणता आली असती, तर मी इथे कशाला आले असते?

६. तिकडे बर्फ सुरू झाल्याचे समजते. आज पाचवा दिवस आहे. माझी फार मोठी मागणी नाही. वैमानिकांना अजूनही ते साधूच वाटत असतील, तर वाटू देत. दर्शनाला म्हणून तरी खाली उतरा.

आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली,

सुहासिनी मुरलीधर आठल्ये
सरोजिनी नगर, नवी दिल्ली
दि. १७ ऑक्टोबर २०२४