डावा आरसा

अहो,

किल्ली फ्रीजवर ठेवली आहे, जेवण झाकून ठेवलंय. मी बसने दवाखान्यात चालले आहे.

काल गाडी फाटकाला घासली ती माझ्याच हातून. रिव्हर्स टाकला की डावा आरसा आपोआप खाली झुकतो आणि मागचं चाक दिसतं, त्याच्याच भरवशावर मी गाडी बाहेर काढत होते. तुम्हाला ते झुकणं खपत नाही, म्हणून तुम्ही बटण बंद करून ठेवता. मी रोज गुपचूप चालू करायचे, काल विसरले.

“मागे वळून बघायला काय होतं तुला?” असं तुम्ही शेजाऱ्यांसमोर विचारलंत. मान वळत नाही, हे होतं. उन्हाळ्यापासून ती आखडत चालली आहे, आणि आता सुटायची नाही असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही हाक मारली की मी अख्खी वळते, तेव्हा तुम्ही म्हणता, केवढा हा तोरा.

आरसा तुमच्या मनासारखा लावून ठेवलाय. यापुढे त्याला कोणी हात लावणार नाही, गाडी चालवणं मी सोडलं.

संध्याकाळी माझ्याशी काही बोलायचं असलं तर मागून हाक मारू नका. समोर या.