तिसऱ्या गिअरची अट

३ नोव्हेंबर, सोमवार
आजही सकाळी सहाला अंगणात घर्रर्र. हे उठले, तोंडही न धुता गाडीत जाऊन बसले, सुरू केली आणि उभ्या जागी रेस करत राहिले. दहा मिनिटं. जुईच्या वेलावर काळा धूर. शेजारच्या काळे काकूंनी खिडकी आपटली, मुद्दाम.
तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. हृदयात स्टेंट बसवला त्याला सात महिने झाले, तेव्हापासून गाडी चालवायची बंदी. जीव तडफडतो, मला कळतं. पण म्हणून रोज?
"काऊन करता हे?"
"इंजन मोकळं राह्यते. तू तं तिले मारून राह्यली."
शाळेला उशीर. हजेरीवर सही करताना हाताला डिझेलचा वास.

५ नोव्हेंबर, बुधवार
मारून राह्यली म्हणजे काय, तर मी हळू चालवते. जूनमध्ये शिकले, चोपन्नाव्या वर्षी. घर ते शाळा दोन किलोमीटर, तेही चौथ्या गिअरमध्ये तीसनं. आज पुलाच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना.
खरं सांगायचं तर वेगाची भीती नाही, आवाजाची आहे. इंजिनाचा आवाज चढला की माझा पाय आपोआप वर येतो. हे मी यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर आर्वीच्या अख्ख्या स्टँडवर सांगतील.

९ नोव्हेंबर, रविवार
विहाराच्या पायऱ्या चढताना हे मध्येच बसले. म्हणाले, नाडी सुटली. पायात चपला. चपलेला नाडी कुठून आली?
वंदनेत लक्ष लागलं नाही. सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयासाठी सरकत्या पट्ट्यावर चालायची तपासणी सांगितलीय, दोनदा तारीख दिली. एकदा यांचं पोट बिघडलं. एकदा कोणाच्या तरी साखरपुड्याला गेले. कोणाच्या, ते अजून कळलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शाळेतून परस्पर रफिकभाईच्या गॅरेजात. हे आधीच तिथं येऊन बसलेले. रफिकभाई यांना उस्ताद म्हणतो, यांच्या हाताखाली कोणे काळी क्लीनर होता.
बॉनेट उघडून त्यानं बराच वेळ ऐकलं. "मॅडम, गाडी बीमार नाई. सुस्त झाली. कार्बन बसला."
हे लगेच, "म्हून तं मी रोज रेस करतो!"
रफिकभाई हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "उस्ताद, वाईट नका मानू. यष्टीले सकाळी ब्रेकाची हवा भरा लागत होती, म्हून आपण उभ्या जागी रेस करत होतो. हिले कायची हवा? थंड्या इंजनाले असं ओरबाडलं तं उलट झिजते."
यांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.
त्याचा उपाय : ऑइल-पाणी पाहून घ्या. आधी रस्त्यावर नेऊन गाडी चांगली गरम करा. मग मोकळ्या रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये ओढा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजाराच्या वर. दहा मिनिटं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा.
"यानं बरी होईल?"
"होईल बी, नाई बी. पण निळा धूर असता, म्हंजे ऑइल जळत असतं, तं मी ओढा म्हटलंच नसतं."
ओढायची कोणी? दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सहा वाजले. आवाज नाही. सव्वासहा. उठून पाहिलं तर हे पलंगावर छताकडे बघत पडलेले.
इतके दिवस मीच तो आवाज बंद व्हावा म्हणत होते. आता ही शांतता नको वाटते. तीनदा चहा केला.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुण्याहून लेकीचा फोन. "आई, असं ओढणं जुन्या गाड्यांचं होतं. आता नाही लागत." मोबाइलवर एक जण म्हणतो ओढा, दुसरा म्हणतो खुळचटपणा. दोघांनाही लाखो लोक बघतात. मी कोणाचं ऐकू?
दुपारी भांडण झालं. मीच उकरून काढलं. तपासणीला का जात नाही, लहान आहात का, वगैरे. बोलायला लागले की मला थांबता येत नाही, चौथीच्या वर्गावर असल्यासारखी बोलते. हे ऐकत होते. मग म्हणाले,
"तो पट्टा जोरात फिरवतेत. आपण पळा लागते. अन् त्यात काही निघालं तं?"
सात महिन्यांत पहिल्यांदा याबद्दल बोलले.
मी म्हटलं, निघायचं असेल तर ते आत आहेच, तुम्ही चढा की नका चढू. फार कठोर बोलले.
मग हे : "तू तिसऱ्यात दाब. मंग मी चढतो पट्ट्यावर."
"ही काय अट झाली?"
"तुले काय वाटते, मले दिसत नाई तुहा पाय वर येते तं?"
म्हणजे माहीत होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शाळा सुटल्यावर एकटीच गेले बायपासला. तिसरा टाकला. काटा दोन हजार. पाय वर. परत. पाय वर. घरी आले. कुठं गेलती, विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी रोहण्याचा रोड. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, वेचणीच्या बाया बांधावर डबे ठेवत होत्या. हे शेजारी, खिडकीच्या वरची मूठ धरून. गाडी गरम झाल्याचा काटा मधोमध आला.
"आता तिसरा. दाब."
दाबलं. आवाज चढला. दोन हजार. अडीच. गाडी ओरडायला लागली आणि मीही. काय ओरडत होते आठवत नाही, बहुतेक यांनाच शिव्या.
"पाय नको काढू! समोर पाह्य! काही होत नाई तिले. पाय नको काढू!"
तीन हजार. सव्वातीन. आरशात मागे काळा ढग, शेत दिसेना. मग तो फिका झाला. मग नुसता रस्ता. हातातलं चाक हलकं लागायला लागलं, का माझाच हात सैल पडला होता.
"बस. सोड हळू."
कडेला थांबलो. मी रडले, उगाच. यांचा शर्ट घामानं ओला. डॅशबोर्डवर बैलाला थोपटावं तसं थोपटत होते. मला नाही, गाडीला!
येताना पुलाचा चढ गाडी आचके न देता चढली. ओढल्यानं, की यावेळी मी नीट दाबलं म्हणून? रफिकभाईला विचारलं तर म्हणाला, दोन्ही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
तपासणीबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारणार नाही. विचारलंच तर पुन्हा साखरपुडा निघेल.
संध्याकाळी पिशवी घेऊन आले. आत पांढरे बूट. नाडीचे. ओसरीवर बसून चारदा बांधले, चारदा सोडले.

१ डिसेंबर, सोमवार
सावंगी. बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाईट येतंय.
येताना मीच चालवली. पार्किंगमध्ये हे म्हणाले, "गाडी चांगली पळाली." आत जाताना घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला. चष्म्याला अजून ऊब आहे.
छातीला तारा लावल्या. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दार लोटलं, पण आवाज येतो.
पट्टा सुरू. बुटांचे आवाज सावकाश.
वेग एकदा वाढला.
पुन्हा वाढला. आता पावलं भराभर. श्वासही ऐकू येतो. मी पाणी प्यायला उठले, परत बसले.
आतून बाई, "काका, त्रास होतोय का? थांबवू?"
नुसती पावलं. मला हे लिहिता—
मग यांचा आवाज, तुटक. "नाई. चालू द्या."
तिसऱ्यांदा वाढला. माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला आहे. काढत नाही.