नीलचं अभ्यंगस्नान

रिकार्टन, ख्राइस्टचर्च
३० ऑक्टोबर २०१९

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार. सुनीतावहिनींच्या गुडघ्याला उतार असावा आणि तुझा खोकला होता तसाच असावा (त्याचं काम पडणार आहे, पुढे कळेल). मी धडधाकट आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या मागच्या पत्रावरून तू आतापर्यंत शोकसभेला हॉल बघायला घेतला असशील. व्हॉट्सअ‍ॅपवर का लिहीत नाही म्हणशील, तर माझा फोन जावयाने लावून दिलाय आणि त्यातलं कोण कुठे वाचतं याचा मला भरवसा नाही. टपालाच्या पाकिटाला अजून तरी ती सोय नाही.

मागच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की लेकीच्या घरात, राजश्रीकडे, साप आहे. मला नातीची, सिद्धीची, खोली दिली आहे आणि तिची काचेची भलीमोठी पेटी हलवता येत नाही म्हणून ती माझ्या उशाशी. आत लाकडाच्या भुशात हातभर लांब, मनगटाएवढा जाड, चकचकीत खवल्यांचा ऐवज, पाठ आणि डोकं तेवढं बाहेर. नाव नील. (मला वाटलं, पोरीला शंकराची भक्ती असावी.) जावई, अभिनव, म्हणाला, बाबा, लिझर्ड आहे. मी मान डोलावली. अरे, या देशात साप औषधालाही नाही आणि पाळणं तर चक्क गुन्हा. मग ज्याच्या घरी साप असेल तो दुसरं काय सांगणार? विमानतळावर आवळासुपारीची एक पुडी फॉर्मवर लिहायची राहिली, तर कुत्रा लावून माझी बॅग हुंगली होती या लोकांनी. साप सापडला तर जावयाची नोकरी जाणार, घर जाणार आणि साक्षीदार म्हणून मला उभं करणार! दोन महिने मी आत त्या जनावराला आणि बाहेर पोलिसांना भीत काढले. पोस्टमन दिसला तरी पडदा ओढून घेत होतो. म्हणूनच तुला विनवलं होतं की राजश्रीला फोन कर आणि सोसायटीच्या कागदांवर माझी सही ताबडतोब हवी आहे असं खोटंच सांग.

तर परवा इथे लेबर वीकेंड, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी. मंडळी टेकापोला तळं बघायला निघाली. त्यांची दिवाळी आदल्या शनिवारीच उरकली होती, कारण मंडळाला हॉल तेव्हा मिळाला. (लक्ष्मीसुद्धा इथे बुकिंग बघून येते.) मी म्हटलं, पहिली आंघोळ मी पंचांगातल्या दिवशीच करणार, तुम्ही जा. सिद्धीने पेटीवर कागद चिकटवला. ती दहा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, तेही माझ्या वाट्याला आजवर 'हाय आजोबा' एवढंच. कागदावर लिहिलं होतं: ही इज शेडिंग, डोन्ट पुल. म्हणजे कात टाकतोय, ओढू नका. कात! उरलासुरला संशयही फिटला.

रविवारी सकाळी तेल-उटणं लावून आंघोळ केली, पंचा गुंडाळला आणि दारातूनच पेटीकडे पाहिलं. जुन्या चुन्याच्या भिंतीसारखे अंगाचे पोपडे लोंबत होते. तेवढ्यात तो भुशातून बाहेर आला, पाण्याच्या ताटलीकडे. आणि प्रमोद, त्याला चार पाय होते! इवलेसे, पण चार. मी दोनदा मोजले. हायसं वाटलं ते घटकाभरच. पुढच्या उजव्या पायाच्या एका बोटाला जुन्या कातडीचं वळं करकचून बसलं होतं आणि शेंडा सुजून काळपट पडला होता. चाळीस वर्षं मी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. गोधडीचा दोरा बोटाला गुंडाळला गेलेलं एक तान्हं पोर आमच्याकडे आलं होतं, ते उशिरा आलं होतं. ते बोट मला अजून दिसतं. आता मला सापाची भीती उरली नव्हती, पोलिसांची नव्हती. उद्या संध्याकाळी सिद्धी येईल आणि पेटीत वाकून बघेल, याची होती.

ओव्हनचे जाड हातमोजे चढवून, देवाचं नाव घेत त्याला उचललं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोमट पाणी घेऊन बसवलं. इथवर अक्कल शाबूत होती. पण नरकचतुर्दशीला आमच्या आईने मांजरालाही कधी बिनतेलाचं राहू दिलं नाही. माझा हात आपसूक वाटीकडे गेला. खोबरेल चोळलं, वर उटणं. त्यावर त्याने माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. शाईसारखी निळी! जीभ निळी म्हणजे श्वास कोंडला, हे कंपाउंडरला कुणी सांगावं लागत नाही. मी नातीचा जीव की प्राण सणाच्या दिवशी उटण्याने मारला होता.

पंच्यावर, हातमोज्यांसकट, डबा छातीशी धरून शेजारच्या ब्रायनकडे पळालो. पंच्याहत्तरीचा म्हातारा, रबरी जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर, घालून वाफ्यात पाणी घालत होता. "किया ओरा," म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला आणि डब्यात वाकला. "ही ऑलवेज लुक्स लाइक दॅट, मेट. ब्लू टंग, सी?" मग पोट धरून हसला. (जातच निळ्या जिभेची, नाव त्यावरून; शंकराचा काही संबंध नव्हता.) पाणी बरोबर, म्हणाला, पण ते पिवळं आणि तेल आधी धू.

साध्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवला. हातमोज्यांतून बोट धरता येईना, तेव्हा काढले. ओल्या कापसाच्या काडीने वळं हळूहळू फिरवत राहिलो, जरासुद्धा न ओढता. शेवटी वळं सुटलं. बोट लालसर, पण जिवंत. आणि तो शहाणा उबेसाठी माझ्या पंच्यात शिरला. मी ओरडलो नाही. ओरडायला श्वास कुठे होता!

सोमवारी सिद्धी आली ती थेट पेटीपाशी. कितीतरी वेळ बोट न्याहाळत बसली. मग माझ्या शेजारी पलंगावर येऊन म्हणाली, "नेक्स्ट शेड इज अराउंड ख्रिसमस. यू'ल बी हिअर, एह?" मी खोकलो आणि पाणी प्यायला उठलो.

वहिनींना नमस्कार. खोकल्याला जप, पण फार नको.

तुझा,
गोपीनाथ

ता. क. १ : सहीचा तो फोन करू नकोस. माझं तिकीट चौदा डिसेंबरचं आहे.

ता. क. २ : त्याऐवजी राजश्रीला असा फोन कर, की सोसायटीत पाइपलाइन खणलीय, धुळीने जीव नकोसा झालाय, गोपीनाथला फेब्रुवारीपर्यंत पाठवू नकोस. मधेमधे खोक. मी सांगितलं असं कळता कामा नये. ते जनावर आता रोज उशाशी जीभ काढतं आणि मी अजून रोज दचकतो.

(प्रमोदकाका, नमस्कार. पाकीट मी चिकटवतेय, म्हणून वाचलं. फोन नक्की करा, खोकायलाही विसरू नका. तिकीट आम्ही कालच पुढे ढकललंय. पण 'बाबा, राहा' असं आपण होऊन म्हटलं, की ते लगेच बॅग भरायला घेतात. - राजश्री)