मधली रिकामी चौकट

मदेरा, कॅलिफोर्निया
रविवार, १९ सप्टेंबर २०२१. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. इसांद्रोच्या कपड्यांच्या घड्या घालत होतो.

ती. ओबदुलिया मावशीस, एलिसेओचा सा. न. वि. वि.

तुझा मुलगा इसांद्रो इथे माझ्याकडे बरा आहे, पण रागावला आहे. दवाखान्याने मला काम दिलंय: आपल्या पोरांना पटेल असा लशीचा फलक करायचा. डॉक्टरांच्या हसऱ्या चित्रांवर पोरं म्हणाली, "दादा, ही दातांची जाहिरात आहे का?" म्हणून मी गल्लीतल्या, साथीत गेलेल्या माणसांचे फोटो लावले. मक्याच्या पिठाचे तामाले विकणारे, सिरिलो नावाचे दोघे, शाळेच्या बसचा चालक, त्यांच्याभोवती झेंडू, आपण मृतांच्या दिवशी मांडतो तसे. मधली चौकट रिकामी ठेवली. तिच्यात चंदेरी कागद, बघणाऱ्याचं तोंड दिसावं म्हणून. खाली लिहिलं: ही जागा रिकामीच राहू दे.

पोरं कागदात स्वतःला बघू लागली. रांग लागली. पण इसांद्रो समोर उभा राहिला की कागदात त्याचे डोळे मिटलेले दिसतात. मी कागद दोनदा बदलला. सोळा वर्षांच्या मुलाला आईच्या सहीशिवाय लस देत नाहीत, म्हणून तो चिडलाय. तुझ्या धाकट्या लेकीला सुईनंतर ताप चढला होता, हे मी विसरलेलो नाही. तरी सही कर, मावशी.

लोभ आहेच, तो थोडा इसांद्रोकडेही वळव.
तुझा एलिसेओ

३ ऑक्टोबर

चि. एलिसेओ यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, गेलेल्यांच्या मांडणीत कुणी रिकामी चौकट ठेवतं का? त्यांना वाटतं, कुणासाठी तरी जागा धरली आहे. मग ज्याचं तोंड तिथे दिसेल, त्याचं नाव ते विचारतात आणि त्याला न्यायला येतात. सुईची भीती मला आहेच, पण ही भीती मोठी आहे. सही केली. सोबत माझा फोटो आहे, तो मध्ये चिकटव.

इसांद्रोला स्वेटर घालायला लाव.
तुझी मावशी

१७ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

इसांद्रोने काल लस घेतली. दंड दुखतो म्हणून भांडी घासायचं टाळतो. तुझा फोटो मी आधी खणात ठेवला होता; जिवंत माणसाला त्या रांगेत कसं बसवू? पण लस घेऊन आल्यावरही कागदात त्याचे डोळे मिटलेलेच होते. तेव्हा चिकटवला. मावशी, तू लस घेतलीस का? नुसतं हो किंवा नाही लिही.

वाट पाहतो.
एलिसेओ

१ नोव्हेंबर

चि. एलिसेओ यास अनेक आशीर्वाद.

हो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गावच्या चौकात जाऊन घेतली. नर्स म्हणाली, आजी, इतक्या घाईने कुठे निघालात? मी म्हटलं, कुठेच जायचं नाही म्हणून तर आले.

काल रात्री दारात झेंडूचा वास आला. आपली झाडं तर अजून फुललेली नाहीत. कुणीतरी हळूच, चौकटीत दिसलेल्या पोराचं नाव विचारलं. मी माझंच सांगितलं. ते बराच वेळ उभे होते.

फोटो काढू नकोस. त्यात माझे डोळे मिटलेले दिसले, तर घाबरू नका. मी इथे उघड्या डोळ्यांनी बसले आहे, दाराकडे पाहत.

दोघांनी एकाच ताटात जेवा.
तुझी मावशी